दिव्याखालचा अंधार

दिवाळीच्या चार दिवसांत आपण दिव्यांविषयी जेवढे बोलतो, तेवढे उरलेल्या साऱ्या वर्षात बोलत नाही. आकाशकंदील घरी करायचा की विकत आणायचा, पणत्या मातीच्या की मेणाच्या, माळा गॅलरीच्या कठड्याला गुंडाळायच्या की वरून सोडायच्या, यावर घरोघरी परिषदा भरतात. पोरांपासून आजोबांपर्यंत प्रत्येकाला मत असते आणि ते ठाम असते. मग भाऊबीज होते, माळा खोक्यात जातात, आकाशकंदील माळ्यावर चढतो आणि घर पुन्हा भिंतीवरच्या एका नळीच्या स्वाधीन होते. संध्याकाळ झाली की बटण दाबायचे, खोली पांढरीफटक करायची; झोपेची वेळ झाली की पुन्हा बटण दाबायचे. मधला विचार नाही.

सोफा घेताना आपण सहा दुकाने हिंडतो. पडद्याचे कापड बोटांनी चाचपून पाहतो. फरशीच्या रंगावरून नवराबायकोत दोन दिवस अबोला होतो. पण त्या सोफ्यावर, त्या पडद्यावर आणि मुख्य म्हणजे त्या नवराबायकोच्या तोंडावर उजेड कसा पडावा, हा निर्णय मात्र आपण वायरमनवर सोपवतो. वायरमन बिचारा काय करणार? तो भिंतीचा मध्य मोजतो, छताखाली फूटभर जागा सोडतो आणि पट्टी ठोकून मोकळा होतो.

मी कॉलेजात मराठी शिकवते. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तेव्हा हा लेख कुणा तज्ज्ञाचा नव्हे, हे आधीच सांगून टाकते. पण भाषेच्या माणसाला एक गोष्ट चटकन दिसते. आपल्या भाषेत उजेडाला जेवढे शब्द आहेत, तेवढे उजेडाचे प्रकार आपल्या घरांत आता उरलेले नाहीत. ऊन वेगळे, उजेड वेगळा, प्रकाश वेगळा. फटीतून येते ती तिरीप. ती जमिनीवर उतरली की कवडसा. पहाटे झुंजुमुंजु होते, सायंकाळी तिन्हीसांजा होतात. दिवा मिणमिणतो, तेवतो, फडफडतो, भगभगतो. दिवा लावण्याच्या वेळेला तर आपण 'दिवेलागण' असे स्वतंत्र नावच दिले. दिवा 'विझवला' म्हणणे अशुभ, म्हणून तो 'मालवला' म्हटले. कुणी 'निरोप दिला' म्हटले. हे शब्द निर्माण झाले, कारण ते अनुभव घरात होते. घराचा उजेड सुधारायचा म्हणजे काय करायचे, याचे उत्तर मला आधी त्या जुन्या घरातच सापडले.

समई जमिनीवर का असे?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांचे दालन ज्यांनी पाहिले असेल, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर हिंडून गोळा केलेल्या वस्तूंत दिव्यांचा संग्रह अपूर्व आहे. १९६१ साली त्यांचे भारतीय दिव्यांवरचे इंग्रजी पुस्तकही सरकारी प्रकाशन विभागाने काढले. समया, निरांजने, साखळीने टांगायचे लामणदिवे, हातात पणती धरून उभी असलेली दीपलक्ष्मी. नुसते पाहत राहावे. पण त्यांच्या नक्षीवरून नजर काढून घेतली आणि त्यांच्या उंचीकडे पाहिले, तर एक मौज दिसते. यांतला बहुतेक प्रत्येक दिवा बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर येईल अशा बेताने केलेला आहे.

कारण उघड आहे. माणसे पाटावर, सतरंजीवर, बैठकीवर बसत. दोन-अडीच फुटांची समई शेजारी ठेवली की ज्योत बरोबर चेहऱ्याच्या उंचीला येई. आमच्या नाशकात, सराफ बाजाराजवळच्या सरकारवाड्यापासून गोदाकाठच्या लहानसहान वाड्यांपर्यंत, दिवसाचा उजेड चौकातून वाकून आत येई. माजघरात तो पोचेपर्यंत मऊ झालेला असे. रात्री भिंतीतल्या देवळीत छोटा दिवा, ओटीवर कंदील, देवापुढे समई. कुणी पोथी वाचायला बसले की दिवा त्याच्याजवळ आणला जाई. स्वयंपाकघरात काम निघाले की तोच दिवा तिकडे जाई. म्हणजे दिवा माणसाच्या मागून हिंडत असे.

त्या उजेडाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. घासलेटच्या चिमणीने किती पोरांचे डोळे चुरचुरले असतील आणि किती बायकांचे पदर पेटले असतील! वीज आली आणि हे सारे टळले, हे फार मोठे काम झाले. पण वीज आली तेव्हा एक गोष्ट नकळत हातची गेली. दिवा छताला चिकटला आणि तिथेच राहिला. आता माणूस दिव्याच्या मागून हिंडतो. निदान हिंडायला हवा. तोही हिंडत नाही. मिळेल त्या उजेडात मान वाकडी करून काम उरकतो.

'दिव्याखाली अंधार' ही म्हण तेलाच्या दिव्यावरून पडली. दिव्याच्या बुडाची सावली त्याच्याच पायाशी पडते, म्हणून. विजेचा दिवा वर गेल्यावर ती सावली नाहीशी व्हायला हवी होती. ती झाली नाही. आता ती आपल्या शरीराची पडते, आणि नेमकी आपल्या कामावर पडते.

आईंची पोथी

आमच्या सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो. वय शहात्तर. जुन्या नाशकातल्या वाड्यात त्यांचा जन्म गेला. आता त्या आमच्याबरोबर गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतात. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की पोथीची दहा-पंधरा पाने वाचायची, हा त्यांचा नेम. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. ऑपरेशन छान झाले. रस्त्यावरच्या पाट्या त्या आमच्याआधी वाचू लागल्या. आणि तरी, हळूहळू, संध्याकाळची पोथी मात्र बंद पडली.

"आई, हल्ली पोथी काढत नाही तुम्ही?" मी विचारले.

"नको वाटतं गं. मन लागत नाही आता. वय झालं," त्या म्हणाल्या.

वय झाले, या शब्दांपुढे घरात कुणाचे काही चालत नाही. आमचे हे म्हणाले, भजनी मंडळात जाऊ दे. नणंद म्हणाली, टीव्हीवर कीर्तन लावून द्या. पुढे वार्षिक तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी डोळे पाहिले आणि म्हणाले, "आजी, डोळे झकास आहेत. वाचता कुठे बसून?"

"देवघराशेजारी, खुर्चीत."

"आणि दिवा कुठे?"

"असेल की वर, मागं कुठंतरी," आई म्हणाल्या.

डॉक्टर हसले आणि त्यांनी दोन मिनिटांत जे सांगितले ते प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली आक्रसते आणि आतले भिंग पिवळसर होत जाते. त्यामुळे विशीतल्या माणसाच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या पडद्यावर पोचतो. मोतीबिंदू काढून नवे भिंग बसवले की पिवळेपणा जातो, पण बाहुली लहान ती लहानच. ज्या दिव्यात नातू आरामात वाचतो, त्याच दिव्यात आजीला अक्षरे गाळाच्या पाण्यात पडल्यासारखी दिसतात. आणि ती आजी 'मला दिसत नाही' असे म्हणत नाही. 'मन लागत नाही' असे म्हणते.

घरी येऊन पाहिले. नळी मागच्या भिंतीवर, खुर्ची तिच्याकडे पाठ करून. आईंच्या डोक्याची सावली पोथीच्या बरोबर मधोमध. मेन रोडवरून एक साधा उभा दिवा आणला. वर कापडी टोपी, आत ९ वॉटचा पिवळसर दिवा. खुर्चीच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या किंचित मागे आणि वर तो उभा केला. त्या संध्याकाळी आईंनी 'भक्तिविजय' उघडले ते जेवायला हाक मारेपर्यंत मिटले नाही. आता पोथी तर चालू आहेच, शिवाय १८४० सालापासून नाशिककरांना पुस्तके पुरवणाऱ्या आमच्या सार्वजनिक वाचनालयातून त्यांच्यासाठी कादंबऱ्या आणाव्या लागतात. आणि एक गंमत: आमची धाकटी आपला अभ्यास घेऊन हल्ली त्याच दिव्याखाली, आजीच्या पायाशी येऊन बसते.

नऊ पट उजेड फुकट

यात चमत्कार काही नाही, गणित आहे. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट झाले की नववा हिस्सा. छताजवळचा दिवा मांडीवरच्या पुस्तकापासून सुमारे सहा फूट दूर असतो. तोच दिवा दोन फुटांवर आणला, तर त्याच विजेत पुस्तकावर नऊपट उजेड पडतो. म्हणून खोली अंधारी वाटली की जास्त वॉटचा दिवा आणायचा, हा उपाय बहुधा चुकीचा असतो. दिवा मोठा करू नका, जवळ आणा.

दुसरा नियम: एका मोठ्या दिव्यापेक्षा तीन लहान बरे. दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात आपण २० वॉटची एक एलईडी नळी लावतो. त्याऐवजी ७ वॉटचे तीन दिवे घ्या. वीज जवळजवळ तेवढीच जाते, उजेडही एकूण तेवढाच. पण एक कोपऱ्यात उभा, एक भिंतीवर, एक बसण्याच्या जागेशेजारी, असे तीन ठिकाणी ठेवले की खोलीला खोली येते. सगळीकडे सारखा उजेड पडला की खोली सपाट, तहसील कचेरीसारखी दिसते. कुठे उजळ, कुठे मंद असले की तीच खोली मोठी वाटते. पाहुणे आले तर तिन्ही लावा. दोघेच बोलत बसला असाल तर एक पुरे. वरची नळी काढून टाकायची गरज नाही. सुई हरवली, डबा सांडला, की ती हवीच.

तिसरा नियम: दिवा दिसू नये, उजेड दिसावा. डॅनिश वास्तुशिल्पी पॉल हेनिंगसेन याने १९२५-२६ च्या सुमारास असा एक दिवा तयार केला की, एकाखाली एक अशा तीन टोप्यांमुळे आतला बल्ब बसलेल्या माणसाला कोणत्याच बाजूने दिसू नये आणि उजेड मात्र टेबलावर अलगद उतरावा. शंभर वर्षे होत आली तरी तो दिवा आजही बनतो आणि विकला जातो. इतक्या दूर जायला नको. कंदिलाच्या काचेला डोळ्यांच्या बाजूने वहीचे पान खोचून अभ्यास केलेली पिढी आपल्याकडेही होऊन गेली. तत्त्व तेच. उघडा बल्ब नजरेत आला की बाहुली मिटते आणि बाकीची खोली उलट अंधारी दिसू लागते. नव्या फ्लॅटांत फॉल्स सीलिंग करून त्यात बारा-बारा दिवे खुपसण्याची हौस आहे. सोफ्यावर मान टेकली की बारा डोळे आपल्याकडे वटारून पाहतात. त्याच पैशात तीन चांगल्या टोप्यांचे दिवे येतात.

दिवे काय बोलतील?

आषाढ अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, आपल्याकडे घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. त्या दिवशीची कहाणी आपण लहानपणी ऐकलेली असते. रात्री गावातले सारे दिवे झाडावर जमतात आणि आपापल्या घरची हकीकत एकमेकांना सांगतात. खाली बसलेला राजा ती ऐकतो आणि निर्दोष सुनेचा खरेपणा त्याला कळतो. समजा, आपल्या घरातले दिवे आज असे जमले, तर ते काय गाऱ्हाणे सांगतील?

स्वयंपाकघरातला दिवा सर्वांत आधी बोलेल. तो खोलीच्या मध्यावर, आणि ओटा भिंतीला. ओट्याशी उभी राहिलेली बाई स्वतःच उजेड अडवते. पोळपाटावर तिचीच सावली, विळीच्या पात्यावर तिचीच सावली. घरातले सर्वांत धारदार आणि सर्वांत तापलेले सामान जिथे असते, तिथे घरातला सर्वांत वाईट उजेड! उपाय स्वस्त आहे. ओट्यावरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेजवळ, एक लहान एलईडी पट्टी लावा. कपाटे नसतील तर ओट्यावरच्या भिंतीवर टोपीचा दिवा. तांदळातला खडा आणि भाजीतली अळी तुमच्या हाती सापडू लागेल.

जेवणाच्या टेबलावर दिवा टांगायचा असेल, तर टेबलापासून अडीच ते तीन फूट उंच ठेवा. याहून वर गेला तर डोळ्यांत जातो, खाली आला तर समोरच्याचे तोंड झाकतो. एवढ्या उंचीवर वरणाचा पिवळा रंग आणि समोरच्याचा चेहरा, दोन्ही छान दिसतात.

अभ्यासाच्या टेबलाचा दिवा उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडे हवा, डावखुऱ्याला उजवीकडे; नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते. पण नुसता टेबललॅम्प लावून बाकीची खोली काळोखी ठेवू नका. वहीवरून नजर उचलली की डोळ्याला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते आणि तो थकतो. टीव्हीचेही तसेच. काळोखात टीव्ही पाहण्यापेक्षा त्याच्या मागे भिंतीवर मंद दिवा असावा.

न्हाणीघरातला आरसा म्हणेल, माझ्या डोक्यावर दिवा ठेवून तुम्ही सगळ्यांना आजारी करता. वरून पडलेल्या उजेडात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठावर येते. नाटकाच्या रंगपटात आरशाच्या दोन्ही बाजूंना दिवे लावतात ते उगीच नव्हे. दोन्ही अंगांना, चेहऱ्याच्या उंचीवर, एकेक लहान दिवा लावला की दाढी नीट होते आणि आपले तोंड आपल्याला जरा कमी अपरिचित वाटते.

जिन्याचे आणि रात्रीच्या वाटेचे गाऱ्हाणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. म्हातारी माणसे रात्री न्हाणीघराकडे जाताना पडतात. मोठा दिवा लावला तर डोळे दिपतात, घरातले जागे होतात, म्हणून ती काळोखातच चाचपडत निघतात. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर, घोट्याच्या उंचीवर, एक-दोन वॉटचे तांबूस पिवळे दिवे लावा. चाहूल लागली की आपोआप लागणारेही मिळतात. जिन्याला वर आणि खाली दोन्हीकडून चालणारे बटण असावे, आणि पायरीची कड दिसेल अशा बेताने दिवा बाजूने यावा. मांडीचे हाड मोडण्याच्या मानाने हा खर्च किती, हे ज्याच्या घरात कुणी पडले आहे त्याला सांगावे लागत नाही.

देवघराला मी एवढेच सांगेन: समईवर विजेच्या दिव्याची कुरघोडी करू नका. मूर्तीच्या मागे रंगीत माळा लुकलुकत असतील तर ज्योत दिसतच नाही. पूजेच्या वेळी तिथला दिवा मंद ठेवा. पितळ आपोआप बोलू लागते.

आणि सगळे दिवे मिळून म्हणतील, आम्हाला पुसा! बल्बवर आणि टोपीवर बसलेली धूळ आणि स्वयंपाकघरातले तेलकट किटण बराच उजेड खाऊन टाकते. दिव्यांच्या अवसेला समईबरोबर विजेचे दिवेही, बटण बंद करून, कोरड्या फडक्याने पुसले तर पूर्वजांना आनंदच होईल.

पिवळा की पांढरा?

यावर घरात दोन पक्ष असतात. आपल्याकडे पांढऱ्या पक्षाचे बहुमत आहे. उन्हाळ्याच्या मुलखात निळसर उजेड थंड वाटतो, आणि नळी आली तेव्हा ती पांढरी होती, म्हणून 'लख्ख' म्हणजे पांढरा असे आपल्या मनाने घेतले. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. मेणबत्तीचा उजेड सुमारे १९००, जुन्या तारेच्या बल्बचा २७००, आणि आपल्या लाडक्या पांढऱ्या नळीचा ६५००. आकडा चढला की उजेड निळा होत जातो. नावे फसवी असतात, आकडा पाहावा.

निळा होतो म्हणजे काय? ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. लाल आणि हिरवे एलईडी बरेच आधी निघाले होते, पण चांगला निळा निघेना, आणि निळ्यावाचून पांढरा करता येईना. तो निळा इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी साधला आणि २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्या घरातला पांढरा एलईडी दिवा मुळात निळाच असतो. त्याच्यावर पिवळ्या उजेडाचे एक लुकण दिलेले असते आणि दोन्ही मिळून पांढरे दिसते. हे लुकण कसे आहे यावर उजेडाचा रंग ठरतो.

आता आपल्या डोळ्यात पाहण्यासाठी नव्हे, तर दिवस की रात्र हे मेंदूला कळवण्यासाठी वेगळ्या पेशी असतात, असे २००२ च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. त्या पेशी निळसर उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. रात्री दहा वाजता ६५०० ची नळी जळत असली की मेंदूला वाटते, अजून दुपार आहे. मग मुले झोपत नाहीत आणि आपण त्यांच्यावर ओरडतो. तेव्हा निजण्याच्या खोलीत आणि दिवाणखान्यात २७०० ते ३०००. ओट्यावर आणि अभ्यासाला ४००० च्या आसपास. आणि ६५०० फार तर माळ्यावर. दोन्ही पक्षांना मान्य व्हावा असा हा तह आहे. फक्त एकाच खोलीत पिवळा आणि पांढरा शेजारी शेजारी लावू नका. दोन्ही वाईट दिसतात.

रंगांचे खरेखोटेपण ही आणखी वेगळी बाब. आमच्या जिल्ह्यातल्या येवल्याला पैठणी घ्यायला गेलेली जाणती बाई दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही. साडी दारात नेते, उन्हात धरते, वळवून पाहते. उभ्या-आडव्या धाग्यांचा रंग वेगळा असला की पदर हलताच धूपछांव खेळते; भिकार दिव्याखाली ती मरते. हा गुण मोजायलाही आकडा आहे, त्याला सीआरआय म्हणतात. सूर्यप्रकाशाचा शंभर, बाजारातल्या साध्या एलईडीचा ऐंशीच्या आसपास. कपड्यांच्या कपाटापाशी, आरशापाशी आणि जेवणाच्या टेबलावर नव्वदचा मिळाला तर चार पैसे जास्त द्यावेत.

दुकानात काय पाहावे?

वॉट पाहून दिवा घेण्याची सवय सोडावी लागेल. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो; तो उजेड किती देतो ते लुमेन या आकड्यात असते. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ७०० ते ८०० लुमेन देई; तेवढे आज ९ वॉटचा एलईडी देतो. रोज पाच तास धरले तर महिन्याला पूर्वी ९ युनिटे जात, आता दीडही जात नाही. जानेवारी २०१५ मध्ये सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि देशभर कोट्यवधी एलईडी दिवे स्वस्तात वाटले गेले, तेव्हापासून हे दिवे सर्वांच्या आवाक्यात आले. आम्हा नाशिककरांना एकलहऱ्याची धुराडी ठाऊक आहेत. कोळशाच्या केंद्रात एका युनिटामागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. वाचलेले युनिट बिलात दिसते तसे त्या धुरातही दिसते.

अगदी स्वस्त दिवा डोळ्यांना न कळेल असा लुकलुकतो आणि डोके दुखवतो. दुकानातच फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा; पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा परत द्या. एलईडी तापत नाही हा समज अर्धाच खरा. त्याच्या बुडाशी उष्णता साठते. हवा न खेळणाऱ्या बंद काचेच्या गोळ्यात तो लवकर जातो. आणि दिवे वाढवताना एकाच प्लगवर चार वायरी लोंबकळत ठेवू नका.

घर भाड्याचे असेल, भिंतीला खिळाही ठोकायची मुभा नसेल, तरी उभा दिवा, टेबलावरचा दिवा आणि चिमट्याने अडकवायचा दिवा यांना घरमालकाची परवानगी लागत नाही. भिंती मात्र शक्य तर फिक्या रंगाच्या असाव्यात, आणि छत पांढरेच. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडातला तीन चतुर्थांश तरी परत देते. गडद निळी किंवा चॉकलेटी भिंत तो गिळून टाकते. मग दिव्याला दोष देऊन उपयोग नाही.

या दिवाळीत एवढे करून पाहा. लक्ष्मीपूजनाच्या आधीची एक संध्याकाळ निवडा. तिन्हीसांजेला घरातले सगळे दिवे बंद करा आणि लांब वायरीचा एक टेबलावरचा दिवा हातात घेऊन, मुलांना बरोबर घेऊन, खोलीखोलीतून हिंडा. जिथे कुणी बसते, वाचते, शिवते, लाटते, दाढी करते, त्या प्रत्येक जागी तो दिवा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी खाली, कधी वर धरून पाहा. जो माणूस तिथे रोज बसतो त्यालाच विचारा, दिसते का? कुठे बरे वाटते? घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा आणि त्यांनी 'असू दे, चालतं आम्हाला' म्हटले तरी ऐकू नका. जिथे त्यांचा चेहरा उजळेल तिथे खडूने खूण करा. मग वायरमनला बोलवा आणि त्याला ती खूण दाखवा.